मधलं पाणी

"काकू, दार उघडं ठेवा, मी जनरेटर घेऊन येतो," समोरच्या बेकरीच्या पायरीवरून पाववाल्याने ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे शिवणकाकूंच्या जिवात जीव आला.

पहाटेच्या वादळाने गल्लीची पार दैना केली होती. पत्रे उडाले होते, झाडं आडवी झाली होती. वीज तर वारा सुटल्यासुटल्याच गेली आणि तिच्याबरोबर काकांचं ऑक्सिजनचं यंत्रही बंद पडलं. उभा जन्म बस चालवलेला हा माणूस आता त्या यंत्राच्या नळीवर जगत होता. अडीअडचणीसाठी ठेवलेला सिलिंडर काकूंनी लावला खरा, पण त्याचाही काटा तळाला टेकत आला होता.

"टाकी रिकामी होत आली वाटतं," काका म्हणाले. "पंपापर्यंत पोचेल का गाडी?"

"तुम्ही बोलू नका बघू. दम लागतो."

दवाखान्याची गाडी पडलेल्या झाडांमुळे चौकापलीकडेच अडकली होती. वीज कचेरीतल्या मुलीने फोनवर एकच पालुपद लावलं होतं: माणसं निघाली आहेत, घरातच थांबा, तारेजवळ जाऊ नका.

"अगं बाई, घरातच आहे मी," काकू म्हणाल्या. "माणूस घरातच चाललाय माझा."

मुलगी पुन्हा तेच म्हणाली.

पाववाल्याने जनरेटर हातगाडीवर चढवला. बेकरी आणि घर यांच्यामध्ये गुडघाभर पाणी साचलं होतं. तो पाण्यात पाऊल टाकणार, एवढ्यात काकूंची नजर फाटकाकडे गेली. खांबावरून तुटलेली तार कुंपणावरून ओघळून पाण्यात बुडाली होती.

"थांब. जागचा हलू नकोस. पाण्यात तार आहे."

पाववाला थबकला. "अहो, सगळीकडेच लाइट गेलेत. मेलेली असणार ती."

"असेल. आणि नसली तर?"

"मग मागून येतो."

"मागे गोदामाची भिंत आहे. हातगाडी काय उडवत आणणारेस?"

त्याच्या पाठीमागे, बेकरीच्या दारात त्याची बायको लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिने नवऱ्याला ना जा म्हटलं, ना थांब. ती फक्त काकूंकडे पाहत होती.

"काकू, पण काकांचं काय?"

'ये' एवढं एकच अक्षर काकूंच्या जिभेवर येऊन बसलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"पाण्यात उतरलास तर मी दार उघडायची नाही," त्या म्हणाल्या आणि खरोखरच त्यांनी कडी लावून घेतली.

आत आल्यावर काकांच्या डोळ्यांना डोळा देणं त्यांना जमेना. काकांनी सगळं ऐकलं होतं.

"बरं केलंस," ते थांबत थांबत म्हणाले. "पोरगा घाईचा आहे. ब्रेक लावायलाच हवा होता."

काकूंनी त्यांना उशांना टेकवून बसवलं, खिडकी सताड उघडली. शिवणयंत्रावरचा शाळेच्या गणवेशाचा पुठ्ठ्याचा साचा हाताला लागला, त्यानेच वारा घालत राहिल्या. पुन्हा पुन्हा फोन लावला. करण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी केलं, आणि ते फारच थोडं होतं. काकांनी त्यांचं मनगट धरलं होतं. हळूहळू ती पकड सैल झाली. तरी बराच वेळ काकू वारा घालतच होत्या.

उन्हं वर आल्यावर वीज कचेरीची माणसं आली. त्यांनी वाट मोकळी केल्याबरोबर पाववाला पाणी तुडवत धावत आला. काकूंनी दार उघडलं, आणि तो उंबऱ्यातच थांबला. त्याला काकूंना काही विचारायची गरजच उरली नव्हती. तो मागे वळला आणि तार गुंडाळणाऱ्या वायरमनला म्हणाला, "ही जिवंत होती का हो?"

वायरमन तोंड उघडणार, तोच काकू म्हणाल्या, "नका सांगू. यालाही नका आणि मलाही नका."

वायरमन मान खाली घालून कामाला लागला.

"आत ये," काकू पाववाल्याला म्हणाल्या. "त्यांना सरळ निजवायचंय. मला एकटीला पेलवत नाहीत."

त्याने खांदे धरले, काकूंनी पाय. निजवल्यावर काकूंनी नळी काढली. काकांच्या दोन्ही गालांवर तिचे वळ उमटले होते. काकू ते अंगठ्याने हलकेच चोळत बसल्या.