डीकनची जुनी तारीख

अमेरिकेतल्या दुलूथ गावी बर्फावर दगड घसरवत खेळायच्या कर्लिंगच्या क्लबमध्ये त्या शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि आत बाप्ये माणसं काउबॉयच्या टोप्या घालून मुलांसारखी माना उंचावून उभी होती. कोपऱ्यातल्या टेबलावर कुणाच्या तरी बायकोनं बटाटे-मांस भाजून केलेल्या हॉटडिशचं भलंमोठं ताट आणून ठेवलं होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळले होते, आणि पडद्यासमोर पायघोळ कोट घालून डीकन उभा होता.

याचं खरं नाव कॉर्बिन स्टोक्के. पण ‘डस्टवॉटर’ या घोडे-बंदुकांच्या व्हिडिओ गेमचे भक्त त्याला डीकनच म्हणत. गेमचा तिसरा भाग येऊन कित्येक वर्षं लोटली होती. चौथ्याबद्दल कंपनी चकार शब्द काढत नव्हती. कंपनी बोलत नव्हती म्हणून डीकन बोलत होता, आणि त्याच्या व्हिडिओ चॅनेलचे सभासद वाढत होते.

"गेल्या आठवड्यात कंपनीनं काय केलं?" डीकननं विचारलं. "आपल्या पाटीवरचा घोडा काढला आणि खेचर लावलं. आता हे वाचा. मी लिहिलेलं, फोरमवर, गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये."

पडद्यावर फोरमवरच्या एका चर्चेतलं त्याचं उत्तर झळकलं. वर मार्चची तारीख, खाली एकच ओळ: ‘घोडा जाईल, खेचर येईल, मग चौथा येईल.’

 एका दाढीवाल्या गृहस्थानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"नालेला खिळे किती? चार. जाहिरातीत कावळे किती उडतात? पाच. त्यातला एक मेलेला, म्हणजे चार," डीकन सांगत सुटला. "या जगात उगाच काही नसतं, बाबांनो. ज्याला डोळे आहेत त्यालाच दिसतं."

मागच्या रांगेत थिआ हौगेन उभी होती. ती शाळेत संख्याशास्त्र शिकवायची. डस्टवॉटरचे तिन्ही भाग तिनं जीव लावून खेळले होते. घोड्यावरून कुठल्या वाटेनं जावं याची लांबलचक माहितीही तिनं फोरमवर लिहिली होती. म्हणूनच तिला या सगळ्याची जास्त किळस येत होती. मेलेला कावळा वजा करणारा हा इसम तिच्या आवडत्या खेळाच्या जिवावर पोट भरत होता.

"ताई, आता तरी पटलं का?" शेजारी उभ्या असलेल्या लाइलनं, तिच्या धाकट्या भावानं, तिला कोपरानं ढोसलं. तो नळजोडणीची कामं करायचा, घरचा कर्ता माणूस होता, पण डीकनचं नाव निघालं की त्याचा चेहरा पाघळायचा.

"लाइल, अरे पाच वजा एक केलं तर कशाचेही चार होतात."

"तू ना, प्रत्येक गोष्टीत मास्तरीणपणा करतेस."

डीकनचा आवाज खाली आला. थिआला हाच आवाज ऐकायची धास्ती होती.

"मग चौथा भाग अडलाय कुठं? तुम्हाला माहीत आहे. याच गावात एक बाई त्यावर बसून आहे. शेवटचा नकाशा तिनं चोरून घरात ठेवलाय. ही सभा संपली की आपण सगळे तिच्या दारात जाऊ आणि तो मागू. सगळे. मिळाल्याशिवाय हलायचं नाही."

ही बाई म्हणजे अर्सुला ब्रँडव्होल्ड. पहिल्या दोन भागांचे नकाशे तिनं काढले होते. मग मनगटं कामातून गेली आणि ती निवृत्त होऊन गावातल्याच लेकसाइड भागात एकटीच राहायला आली. एवढंच. पण डीकननं तिचं नाव घेतल्यापासून तिच्या दारावर लाल रंगानं चोर लिहिलं गेलं होतं, आणि रोज रात्री कुणी ना कुणी घरासमोर गाडी लावून, खिडकीवर दिवे मारत हॉर्न वाजवत बसायचं. त्यात लाइलही होता. हे त्यानं थिआला हसत हसत सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. जुन्या काळी गावात रोगराई आली की एखाद्या एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवत. यांच्या गावात तर रोगराईही नव्हती, नुसता एक गेम यायचा राहिला होता.

थिआनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. फोरमवरच्या चर्चेचा हा धागा तिच्या ओळखीचा होता. गेममध्ये कुठली टोपी कुठं मिळते, याचा तो जुना, कधीच बंद पडलेला धागा. गेल्याच महिन्यात तिनं तो अथपासून इतिपर्यंत वाचला होता. डीकनचं ते उत्तर तेव्हाही तिथं होतं. मात्र त्यात एकच शब्द होता: ‘राखीव’.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तेवढ्यात लाइल उत्साहानं पुढे घुसला. कुणाचा तरी धक्का लागला आणि त्याच्या हातातली कॉफी सगळी डीकनच्या कोटावर सांडली. डीकनच्या तोंडून अशी काही शिवी निघाली की पुढच्या रांगेतल्या बाईनं कपाळाला आठ्या घातल्या. लाइल ओशाळून कोट पुसू लागला. थिआनं फोन काढला, खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि सरळ पुढे गेली.

"मलाही भविष्य कळतं," ती म्हणाली. "माझा घोड्याच्या वाटांचा धागा उघडा. पहिलं उत्तर."

"बाई, इथं थट्टा चाललेली नाही," डीकन म्हणाला.

"मग घाबरता कशाला? उघडा की."

लॅपटॉपवर बसलेल्यानं धागा उघडला. तारीख दोन वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली. खाली लिहिलं होतं: ‘कर्लिंग क्लबमध्ये लाइल डीकनच्या कोटावर कॉफी सांडेल आणि डीकन घाण शिवी देईल.’

आधी कुणालाच कळेना. दाढीवाल्यानं ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग मागून कुणीतरी खो-खो हसलं.

"हे मी आत्ता लिहिलं, तुमच्यासमोर," थिआ म्हणाली. "आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. लांबलचक माहिती लिहिणारा खाली दोन-तीन रिकामी उत्तरं टाकून ठेवतो, ‘राखीव’ म्हणून. पुढं भर घालायला. सभ्यपणा म्हणून आपण ती वाचतही नाही, पुढं सरकतो. या माणसानं धाग्याधाग्यात अशी जागा धरून ठेवली. बातमी आली की जुन्या जागेत जायचं आणि ती लिहायची. मजकूर नवा, वरची तारीख जुनीच."

"खाली ‘बदललेलं’ असं येतं ना पण," कुणीतरी म्हणालं.

"येतं की. तुमच्या किती उत्तरांखाली आहे? शुद्धलेखन सुधारलं तरी येतं. सगळ्यांच्याच खाली असतं, म्हणून कुणी बघत नाही. त्याच्या खेचराखाली बघा."

बघितलं. बारीक करड्या अक्षरांत ‘बदललेलं’ होतं.

"मी फक्त... ते आधी मनात होतं," डीकन कोट झटकत म्हणाला. "मला संकेत मिळाले होते."

"मग पुढच्या आठवड्यात काय होणार ते आत्ता भिंतीवरच्या या फळ्यावर लिहा. खडूनं. आम्ही फळा कुलपात ठेवू."

डीकननं खडूकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं टोपी उचलली, तुम्ही लोक लायकीचेच नाही असं पुटपुटला आणि निघून गेला. काही जण लगबगीनं त्याच्या मागे गेले, कारण काही माणसांना फसवणाऱ्यापेक्षा उघडं पाडणाऱ्याचाच राग जास्त येतो.

"मग चौथा भाग येणार की नाही?" दाढीवाल्यानं काकुळतीनं विचारलं.

"मला माहीत नाही," थिआ म्हणाली. "त्यालाही माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला शिका. कुणी मला माहीत आहे म्हणालं तर कसं कळलं ते विचारा, आणि विचारल्यावर जो चिडतो त्याच्यापासून चार हात लांब राहा."

त्या दुपारी लेकसाइडला पाच-सहा जणच गेले, तेही रंग काढायचं सामान घेऊन. अर्सुलानं साखळी न काढता दार किलकिलं केलं. दोन्ही मनगटांना पट्टे बांधलेले होते.

"आमचं चुकलं, मावशी," लाइल म्हणाला. त्याला वर बघवत नव्हतं. "तो खोटारडा निघाला. ताईनं आज सिद्ध केलं. तुमच्याकडे नकाशा नाही, हे आम्हाला आता कळलं."

अर्सुलानं साखळी काढली नाही.

"आणि असता तर?" तिनं विचारलं. "तो खरं बोलत असता आणि नकाशा माझ्याकडे असता, तर रोज रात्री माझ्या खिडकीवर गाडीचे दिवे मारणं बरोबर ठरलं असतं का, बाळा?"

  थिआनं भावाच्या हातात घासणी दिली, आणि तो गुडघे टेकून दारावरचं पहिलं अक्षर खरवडू लागला.