रोबस्टाची रेघ

धाकटीच्या कॉफीचे गोडवे ऐकून ऐकून ताईचे कान किटले होते. आई येईल त्याला सांगायची, "माझ्या धाकटीच्या कॉफीला लोक रांगा लावतात!" आणि थोरली? ती प्रयोगशाळेत "काहीतरी तपासते". ते काहीतरी म्हणजे नेमकं काय, हे वीस वर्षांत आईनं विचारलं नव्हतं. ताई जळायची, आणि चांगली जळायची.

त्या सोमवारी तपासणीला आलेल्या पाकिटावर नुसता आकडा होता. पण दाणे बशीत ओतताच ताईनं ओळखलं. इतकं हलकं, एकसारखं भाजणारा हात एकच, धाकटीच्या भट्टीवाल्या काकांचा! हा माल बहिणीचा आहे, दुसऱ्या कोणाला द्या, असं तिनं साहेबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. ती गप्प बसली.

महागड्या अरेबिका जातीच्या कॉफीत स्वस्त रोबस्टा मिसळली, तर जिभेला कळेलच असं नाही, पण यंत्राला कळते. रोबस्टात एक तेलकट घटक असतो, तो अरेबिकात जवळपास नसतोच. ताईनं दाणे चक्कीत दळले, अर्क काढला, यंत्रात घातला. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती, ती नेमकी त्या घटकाच्या जागी टेकाडासारखी वर आली. भेसळ! ताईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लाजही वाटली, नाही असं नाही, पण तोवर अहवालावर सही झाली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. ताई भांडायच्या तयारीतच होती.

"ताई, दुसऱ्या कोणाची सही असती ना, तर मी मानलंच नसतं. पण तू म्हणतेस म्हणजे असणारच." धाकटी रडत होती. "गोदामाची किल्ली काकांकडेच असते. काढून टाकलं मी त्यांना."

फोन ठेवला आणि ताईला चक्की आठवली. आधीचा नमुना रोबस्टाचा होता! दोन नमुन्यांच्या मधे चक्की साफ करायची, हे तीच सगळ्यांना घसा फोडून सांगायची. सोमवारी तिला घाई झाली होती. कसली, ते तिचं तिला ठाऊक.

चक्की झाडूनपुसून तिनं उरलेले दाणे पुन्हा दळले. रेघ सपाट आली.

साहेबांसमोर तिनं सगळं कबूल केलं. मग धाकटीला घेऊन तडक काकांचं घर गाठलं.

"चूक माझी आहे, काका. भेसळ सापडावी असंच मला वाटत होतं, म्हणून मी धड बघितलं नाही."

काकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते धाकटीला म्हणाले, "तिची चूक मी समजू शकतो, पोरी. पण तू मला एका शब्दानं विचारलं नाहीस. आता तुझी भट्टी तूच सांभाळ."

दार लागलं. ताईला इतकी वर्षं जे बघायचं होतं ते आता समोर होतं, आणि धाकटी तिच्याच खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडत होती.