पेनिसिलिनला पुरून उरलेला मी

मी एक जनुक बोलतोय. जंतूच्या पोटात राहतो. जंतूच दिसत नाही, तर मी कुठून दिसणार? एटापल्लीच्या रानातल्या मातीत वाघाच्याही आधीपासून माझं बिऱ्हाड. मला बघून वाघ वाट सोडायचा. बरं, नसेल सोडत. पण पेनिसिलिन मोडायची विद्या खरोखरच माझ्याकडे आहे, आणि जंतू ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुकट वाटतात.

यंदाच्या, म्हणजे छप्पन सालच्या उन्हाळ्यात बुधरी आणि तिची लेक सुकरी मोह वेचायला आल्या. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तसा त्यांनी पेटवला. वारा फिरला, सुकरीच्या लुगड्याने पेट घेतला. आईने तिला मातीत लोळवून विझवलं. त्या मातीतून मी तिच्या भाजल्या पाठीत शिरलो.

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पेनिसिलिनचं मलम दिलं. नळी एकच, म्हणून फक्त सुकरीला, आणि भरपूर लावायचं, असं बजावलं. माझे सोबती पटापट मेले. मी अंग चोरून बसलो. सुकरीचा ताप उतरला, ती पेज मागू लागली.

पण बुधरीच्या गावात शिकारीचा वाटा घरोघर जातो, एकटं कुणी खात नाही. शेजारच्या खाटेवर पाय भाजलेली कुरखेड्याची गुणाबाई कण्हत होती. बुधरीने सुकरीला लावलं त्याच बोटाने तिलाही मलम लावलं, मग पलीकडच्या दोघींना. मलम प्रत्येकीला पुसटसंच मिळालं. बोटावर बसून मी मात्र सगळ्या खाटा फिरलो. डॉक्टर रागावले, तेव्हा बुधरी म्हणाली, "शेजारीण तडफडून राह्यली, मंग मी एकट्या पोरीलेच कशी लावू?"

तेवढ्याशा मलमात दुबळे मेले, माझं गोत वाढलं. सुकरीला पुन्हा ताप चढला. नवी नळी आली, तीही मी मोडून काढली. फार मिरवलो तेव्हा.

"मोह वाळत टाकला का वो?" सुकरीने विचारलं. तो रानातच सांडला होता. बुधरी म्हणाली, "टाकला ना, माय." पोर हसली, आणि तशीच गेली. मिरवायला मग मला जागा उरली नाही.

गुणाबाईला सकाळपासून कणकण आहे. मला माहीत आहे कशाने. ती बुधरीला जवळ बसवून म्हणते आहे, "तुह्या हाताले गुण आहे, बाई. लाव ना थोडंसं."

बुधरी डोळे पुसते आणि नळीत उरलेलं मलम बोटावर घेते.

हात धू, बुधरी. आधी हात धू. आयुष्यभर थापा मारल्या, पण ही थाप नाही गं.