अठ्ठाविसावं पत्र

द्वारकाबाईनं ती किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि चाळीस दिवस जिवापाड जपली. अंघोळीला जाताना ती किल्ली दातांत धरायची. तिची मैत्रीण अख्तरी तिला हसायची, "दिवानी, गिळशील एखाद दिवस. मग दार उघडायला डाक्टर बोलवावा लागेल."

"गिळली तर गिळली. माझी किल्ली हाय," द्वारकाबाई म्हणायची.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा स्वतःची म्हणावी अशी किल्ली मिळाली होती. देवगाव रंगारीला माहेरच्या घरात किल्ली वहिनीच्या कमरेला असायची. सासरी सासूच्या. आणि डोकं फिरल्यावर दोन वर्षं ती माहेरीच गुरांच्या गोठ्यात होती, तिथली कडी बाहेरून होती.

दौलताबादच्या रस्त्याला, सीताफळाच्या बागेमागं ते केंद्र आहे. डोक्याच्या दवाखान्याचं काम संपलंय, पण घरचे ठेवून घेत नाहीत, अशी तीसेक बाया-माणसं तिथं राहतात. त्यांना पुन्हा जगायला शिकवतात. बाजारात जाऊन भाजी आणणं, बसमध्ये चढणं, गोळ्या आपल्या हातानं वेळेवर घेणं, सही करणं. द्वारकाबाईला अक्षरं तिथंच आली, तीही बोट ठेवून वाचण्यापुरती. हे सगळं जमलं की शेवटी सरावाची खोली. बाकीच्या इमारतीपासून बाजूला, एक दार, एक खिडकी, गॅस, मोरी. त्या खोलीत चाळीस दिवस एकट्यानं राहायचं. कुणी उठवत नाही, कुणी जेवायला हाक मारत नाही. तुम्ही दार उघडल्याशिवाय केंद्राचं माणूससुद्धा आत येत नाही. चाळीस दिवस नीट गेले की बाहेरच्या जगात.

द्वारकाबाईचं बाहेरचं जग ठरलेलं होतं. बजाजनगरात साळूबाई म्हणून एक बाई खानावळ चालवायची. कंपनीतले कामगार जेवायला येत. तिला भाकरी थापायला बाई हवी होती, आणि खानावळीच्या मागं पत्र्याची एक खोली रिकामी होती. काम पहाटे पाचला सुरू व्हायचं, म्हणून राहायचं तिथंच. द्वारकाबाईनं साळूबाईपुढं दहा भाकरी थापून दाखवल्या. दहाच्या दहा फुगल्या. साळूबाई म्हणाली, "हात चांगला हाय. खोली बी देते. पण रक्ताच्या माणसाची सही पाहिजे. तुमच्या संस्थेचा शिक्का मला नको. उद्या बाईला काय झालं तर मी कोणाला बोलवू?"

तिचंही चुकत नव्हतं. राहत मॅडमनं खूप सांगून पाहिलं, साळूबाई बधली नाही.

राहत मॅडम केंद्रात शिकवायची. तिशीतली, शहागंजातली पोरगी, मराठी आपल्यापेक्षा चांगली बोलणारी. दाराचा तास ती घ्यायची. तो तास द्वारकाबाईला सगळ्यात अवघड गेला. दार वाजलं की आधी विचारायचं, कोण. मग काय काम म्हणून विचारायचं. मग आपण ठरवायचं, उघडायचं की नाही. एवढंच. पण द्वारकाबाईनं जन्मात कधी कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं.

राहत मॅडम बाहेरून दार वाजवायची. "कोण?" "मी मिक्सर विकणारा." "या, बसा, चहा टाकते."

"अहो द्वारकाताई, चहा कशाला? तुम्हाला मिक्सर घ्यायचाय का?"

"नाय. पण माणूस दारात आलाय, उन्हातानाचा."

अख्तरीला तर या तासाची भारी हौस. ती शहरातली, नवाबपुऱ्याची, नवऱ्यानं सोडलेली. ती आवाज बदलून दार बडवायची. "खोल गं! मैं तेरी नणंद. तुझा गॅस घेऊन जायला आलेय. खोल!"

आतून द्वारकाबाई विचारात पडायची. मग कडी सरकायची. अख्तरी कपाळावर हात मारून घ्यायची. "अगं, चोराला पण चहा पाजशील तू! नक्को बोल ना. एक बार नक्को बोल. जीभ झडते काय?"

"तोंडावर कसं म्हणावं?"

"दार आहे ना मध्ये. दाराला बोल."

पंधरा दिवसांनी द्वारकाबाई दाराला नाही म्हणायला शिकली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिला घाम फुटला होता.

केंद्राची एक रीत होती. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या घरी पत्र जायचं. तुमच्या माणसात काय सुधारणा झाली ते कळवायचं, म्हणजे घरच्यांना माया येईल, कुणी भेटायला येईल. द्वारकाबाई येऊन सात वर्षं होत आली होती. सत्तावीस पत्रं गेली होती. ती रात्री ओरडत नाही. ती गोळ्या घेते. ती बाजार करते. सत्तावीस पत्रांना एकदाही उत्तर आलं नाही. भाऊ कारभारी तिला सोडून गेला तो गेलाच. भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाऊ म्हणून त्यानं तिला जीपमध्ये बसवलं होतं आणि केंद्राच्या फाटकात उतरवलं होतं. मारुती राहिलाच.

अठ्ठाविसावं पत्र द्वारकाबाई सरावाच्या खोलीत गेली त्याच आठवड्यात गेलं. राहत मॅडमनं ते मोठ्या कौतुकानं लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते. आणि गेल्या महिन्यात अख्तरीला टायफॉइड झाला तेव्हा द्वारकाताईंनी अकरा दिवस तिची सेवा केली. अंग पुसलं, कपडे बदलले, वेळेवर औषध दिलं, भरवलं. आता त्या दुसऱ्या आजारी माणसालाही सांभाळू शकतात.

"लई लिहिलं," द्वारकाबाई लाजून म्हणाली.

"खरंच तर लिहिलंय," मॅडम म्हणाली.

आठव्या दिवशी दार वाजलं.

"कोण?"

"मी. दादा."

काय काम, हे विचारायचं ती विसरली. तिनं घाईनं कडी काढली. कारभारी दारात उभा. केस पांढरे झालेले, हातात शेंगदाण्याची पिशवी. तिनं त्याला आत घेतलं, चहा केला, वर जेवायला वाढलं. भरलं वांगं आणि बाजरीची भाकरी. तो जेवता जेवता खोलीभर बघत होता. तिनं गोळ्यांच्या डबीतून दुपारची गोळी काढून घेतली, तेही त्यानं बघितलं.

"घड्याळ कळतं तुला आता?"

"कळतं."

"बरं झालं. बरं झालं, द्वारके."

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. एकदा लुगडं आणलं, एकदा खवा. द्वारकाबाई शनिवारपासून खोली झाडून काढायची. ती अख्तरीला सांगायची, "माझा दादा आला होता. माझ्या हातचं खाऊन गेला." अख्तरी खवा खात म्हणायची, "सात साल में आला नाही, आता हर इतवार. पूछ तो सही, काय काम?"

"भाऊ हाय. काम कशाला लागतंय?"

कारभारी मात्र पुष्कळ विचारायचा. "त्या मुसलमानाच्या बाईला तू एकटीनं उचलायची?" "अंथरूण कोण धुवायचं?" "तुला किळस नाय आली?" ती अभिमानानं सांगायची. आपण आता कशी धड झालो हे त्याला कळावं म्हणून काहीबाही वाढवूनही सांगायची. खानावळीचं सांगितलं, सहीचं सांगितलं. तो म्हणाला, "सही ना? करू की. त्यात काय."

त्या शब्दावर तिनं पुढचे दिवस काढले. पत्र्याच्या खोलीत कोणत्या भिंतीला फळी ठोकायची तेही ठरवून झालं.

चाळिसाव्या दिवशी जीप आली. कारभारीबरोबर वहिनी होती, लक्ष्मीबाई. द्वारकाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं, गाठोडं बांधून ठेवलं होतं. राहत मॅडम साळूबाईचा कागद घेऊन ओट्यावर उभी होती.

कारभारीनं कागद हातात घेतला नाही. "करतो, करतो. आधी घरी चार-सहा महिने. मग बजाजनगर कुठं पळून चाललंय? जाताना भद्रा मारुतीला बी जाऊ, तुझं दर्शन राहिलंय."

"घरी कशाला, दादा?"

"मायला बरं नाय. तुझी लई आठवण काढती. दिवसभर तुझं नाव घेती बघ. द्वारकी कुठं, द्वारकी कुठं."

द्वारकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गाठोडं उचललं. पायरीवर लक्ष्मीबाई बसली होती, तिच्याजवळ ती टेकली आणि म्हणाली, "वहिनी, माय खरंच माझं नाव घेती?"

लक्ष्मीबाई जीपच्या प्रवासानं दमली होती. तिला नवऱ्याचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. "कुठलं नाव अन् काय. लकवा मारल्यापासून वाचाच गेली त्यांची, पाच महिने झाले. अंथरूण भरलं की नुसत्या ओरडतात. कामाला ठेवलेली बाई पळाली, दुसरी टिकत नाय. माझ्या तर कमरेनं जवाब दिलाय. ते तुमच्या मॅडमचं पत्र आलं तवा मी म्हणलं यांना, आपल्या घरात माणूस असताना बाहेर कशाला हुडकायचं."

द्वारकाबाई पायरीवरून उठली. गाठोडं घेऊन आत गेली आणि कडी लावली.

मग दार वाजलं.

"कोण?" आतून आवाज आला.

"कोण म्हंजे? मी. उघड, द्वारके."

"काय काम?"

"हा काय चाळा लावलाय? घरी चल. माय हाय ती तुझी!"

मायनंच तिला गोठ्यात दाव्यानं बांधलं होतं. आणि त्याच गोठ्यात बसून मायनंच तिच्या उवा काढल्या होत्या, केस विंचरले होते. दोन्ही खरं होतं. द्वारकाबाई दाराला पाठ लावून उभी होती, किल्ली मुठीत होती.

"नाय," ती म्हणाली.

"काय?"

"नाय येत. सही करायची तर कर."

कारभारीचा आवाज चढला. "सही? माझ्या सहीवर गावभर फिरणार तू, अन् माय घाणीत पडणार? राहा मग इथंच येड्यांत. मेलीस तरी येणार नाय मी." राहत मॅडम ओट्यावर उभी होती. ती त्याला समजावायला पुढं झाली, तर त्यानं तिलाही सुनावलं, "तुम्हीच शिकवलं ना हिला? बघा आता, कशी शहाणी केली."

जीप गेली. नंतर बऱ्याच वेळानं राहत मॅडमनं दारावर हळू टकटक केली. "द्वारकाताई, मी राहत." दार उघडलं नाही, आणि नियम होता म्हणून तीही आत गेली नाही.

साळूबाईनं बुधवारपर्यंत वाट पाहिली. मग देवगिरीच्या पायथ्याची एक विधवा ठेवली, तिच्यामागं दोन भाऊ होते सही करायला. इकडं चाळीस दिवस भरले होते आणि खोलीचा पुढचा नंबर अख्तरीचा होता. द्वारकाबाईनं पदराची गाठ सोडली. गाठ इतकी आवळलेली की दातानं सोडावी लागली. किल्ली अख्तरीच्या हातात देताना दोघींपैकी कुणीच चेष्टा केली नाही. द्वारकाबाई मोठ्या दालनात, खिडकीजवळच्या आपल्या जुन्या खाटेवर परत आली. दुपारी भाकरी थापताना तिच्या मनात यायचं, मायला आता कुशीवर कोण वळवत असेल. मग पुढचा गोळा घ्यायची.

तीन महिने झाले. राहत मॅडम पत्रांचा गठ्ठा घेऊन बसली. "द्वारकाताई, घरी काय कळवू?"

"लिहा, बिघडली. गॅस उघडा टाकती. गोळ्या थुंकती. माणसाच्या अंगावर जाती."

"खोटं कसं लिहू मी?"

"खरी अठ्ठावीस लिहिली की."

शेजारी अख्तरी बसली होती. ती म्हणाली, "मेरे भी घर लिहो मॅडम. रोटी करपते, भात कच्चा राहतो. बिलकुल सुधारणा नाही." पण ती हसली नाही.

शेवटी मॅडमनं एकच ओळ लिहिली आणि कागद पुढं केला. द्वारकाबाईनं अक्षराखाली बोट ठेवत वाचलं. प्रकृती जशी होती तशीच आहे. तिनं ते दोनदा वाचलं, आणि आजवरच्या एकाही पत्राखाली केली नव्हती ती सही त्याखाली केली, एकेक अक्षर जपून.

"आजच टाका पेटीत," ती म्हणाली.

मग ती हात धुऊन स्वयंपाकघरात गेली. सगळ्यांच्या मिळून साठ भाकरी व्हायच्या. त्या दिवशी साठच्या साठ फुगल्या.