खरवडून उरलेली गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी पोथी आहे. इटलीत, बेनेव्हेन्तोच्या डोंगरातल्या एका मठात मी लिहिली गेले. आता फार थकले आहे, म्हणून थोडक्यातच सांगते.

मेंढ्यांची कातडी चुन्यात भिजवून, ताणून, घासून माझी पाने झाली. दुसऱ्या मठातून मागून आणलेल्या पोथीवरून ब्रदर आदेल्फेरियो यांनी माझ्यात लॅटिन गोष्टी उतरवल्या. थंडीने त्यांची बोटे वळत नसत, तरी हंसाचे पीस हातातून सुटत नसे.

पुढची अनेक वर्षे मी राबले. जेवणाच्या वेळी मला मोठ्याने वाचत. प्रवचनकार मला उसनी नेत आणि मेणाचे डाग पाडून परत आणत. सगळ्यांना कोल्ह्याच्या आणि लबाड व्यापाऱ्याच्या गोष्टी आवडत. मिठागरातल्या बाईची गोष्ट मात्र कुणी वाचत नसे. तिच्या नवऱ्याचा खून करणारा माणूस तिच्या दारात पाणी मागायला येतो. ती त्याला पाणी देते आणि मग जाऊन त्याला पकडायला गाव उठवते. गोष्ट तिथेच संपते. खाली तात्पर्य नाही, मग प्रवचनकार तिचे काय करणार?

हळूहळू मी फळीवर धूळ खात पडले. पुढे मेंढ्यांत रोग आला आणि कातडे मिळेना. स्तोत्रांचे पुस्तक तर फाटले होते. तेव्हा मठाधिपती रोफ्रेदो यांनी माझ्यावरची अक्षरे खरवडून तिथे स्तोत्रे लिहायला सांगितले. हे काम ब्रदर माराल्दोकडे आले. तो मला घेऊन आधी आजाऱ्यांच्या खोलीत गेला. तिथे आदेल्फेरियो अंथरुणाला खिळले होते. त्यांना दिसत नव्हते.

"बाबा, तुमची पोथी खरवडायला सांगितलीय."

"माझी कसली? मी नुसती उतरवली. खरवड की. पण आधी मला वाचून दाखव."

"सगळी?"

"तुला काय घाई आहे? मी तर कुठे जात नाही." मग ते म्हणाले, "कोल्ह्याच्या गोष्टी आधी घे. त्या सगळ्या मठांत आहेत. मिठागरवाली शेवटी ठेव. त्या मूळ पोथीनंतर ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही."

माराल्दो रोज एक गोष्ट वाचे. म्हातारा हसे, कधी चूक काढे. मग ती पाने दुधात आणि कोंड्यात भिजवून माराल्दो खरवडी. मला फार दुखे. शेवटी मिठागरवाली उरली. तीही वाचून झाली. माराल्दोने पाने तशीच कोरडी उचलली आणि तो मठाधिपतींकडे गेला.

"ही पानं मी खरवडणार नाही, फादर."

"स्तोत्रं अपुरी राहतील."

"स्तोत्रं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. ही गोष्ट कुणालाच पाठ नाही."

"आज्ञा मोडतोयस, कळतंय ना?"

"कळतंय. द्या काय शिक्षा द्यायची ती."

ईस्टरपूर्वीचा सगळा उपासकाळ माराल्दोने शिक्षा म्हणून जमिनीवर बसून कोरडी भाकरी खाल्ली. तो संपायच्या आत आदेल्फेरियो गेले. गोष्टीची पाने मात्र स्तोत्रांच्या मागे शिवली गेली.

नंतर दूरदूरचे लोक ती उतरवून न्यायला आले. कुणी बाईला तीन मुलगे दिले, कुणी पाण्याऐवजी दारू पाजली. शेवटी तात्पर्य तर प्रत्येकाने जोडले, आणि दोन तात्पर्ये कधी जुळली नाहीत. मला हे सगळे ऐकू येते, पण त्यांच्याशी बोलता येत नाही. आता माझी शिवण उसवली आहे, पाने कसरीने खाल्ली आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरात जागा कमी असेल. आम्हा पोथ्या-पुस्तकांतल्या एखाद्याला टाकावे लागले, तर टाका. आम्ही रागावत नाही. फक्त त्याआधी एकदा कुणाच्या तरी शेजारी बसून आम्हाला मोठ्याने वाचा. तेवढे झाले, की आम्हालाही मिटता येते.