दार न लागणारे न्हाणीघर

मित्रांनो, नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी एक जुना कमोड आहे. भट्टीतून बाहेर आलो तेव्हा कारखान्यातल्या तपासनिसाने मला टिचकी मारली आणि "खणखणीत आहे," असे तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

पुढची बावीस वर्षे मी एका चिंचोळ्या न्हाणीघरात काढली. जागा चार फूट लांब आणि मी अडीच फूट. दार आत उघडायचे आणि माझ्यावर आदळायचे. गुडघा आपटला की घरातला प्रत्येकजण मलाच शिव्या घालायचा. मला निवडून आणणाऱ्याला मात्र कोणी चकार शब्द बोलले नाही.

मग आजोबांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि ते वॉकर घेऊन येऊ लागले. वॉकर आत आला की दार लागत नसे. समोरच स्वयंपाकघर. आजोबा मांडीवर टॉवेल टाकून, मान खाली घालून बसत. हळूहळू त्यांनी पाणी पिणेच कमी केले. सुनेच्या ते लक्षात आले.

"दार लागेल असा लहान कमोड आणा," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबा तहानलेले राहतात."

"आणतो. कटकट नको."

त्याने दुकानातला सर्वांत आखूड आणि सर्वांत बुटका कमोड उचलून आणला.

"काका यावरून उठतील कसे?" प्लंबरने विचारले.

"तुम्हाला बसवायला बोलावलंय, शिकवायला नाही."

मला उखडून बाहेर न्हाणीघराच्या खिडकीखाली टाकले. तिथून सगळे ऐकू येत होते. दुसऱ्या सकाळी आजोबांनी कितीतरी दिवसांनी कडी लावली. थोड्या वेळाने हाक आली. मग पुन्हा आली. त्यांना उठता येईना आणि कडीपर्यंत हातही पोचेना. शेवटी मुलाने धक्के मारून कडी तोडली.

"जरा सांभाळून बसायचं ना," तो खेकसला.

"भिंतीचं माप घेतलंस," आजोबा म्हणाले. "माझं घेतलंस का?"

त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे बंद झाले.

सून मात्र सासऱ्यांना घेऊन दुकानात गेली. पुढे काय झाले ते आजोबा प्लंबरला सांगत होते. नमुने बसायला ठेवलेले नाहीत, असे म्हणत दुकानदार आडवा आला. "मग काय बघून घ्यायचा?" असे विचारून तिने सासऱ्यांना एकेका कमोडवर बसवले. पाचव्यावरून ते एकटे उठले. तो आखूड होता, पण उंच. प्लंबरने तो बसवला, शेजारी धरायला दांडा लावला आणि दार बाहेर उघडेल असे करून दिले.

मी अजून खिडकीखाली आहे. माझ्यात फुटक्या फरश्या भरल्या आहेत. मुलगा येताजाता मला लाथ मारतो. मीही त्याला माफ केलेले नाही.

मित्रांनो, लहान न्हाणीघरासाठी कमोड घ्याल तेव्हा जागा मोजा, दार मोजा, पाइप मोजा. मग घरातल्या सर्वांत दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला त्यावर बसवा आणि हात न देता उभे राहा. तो आपला आपण उठला, तरच घ्या.