ओळंब्याचा डोळा

नांगराचा तास बांध ओलांडून थोरल्याच्या रानात शिरला, तेव्हा थोरला आधी खोकला आणि मग ओरडला. हल्ली खोकल्यावाचून त्याला शिवीही देता येत नसे.

"बांध कोरतोस होय रे? सख्ख्या भावाचा?"

धाकट्याचा तास इतका सरळ, की गाव त्याला गवंड्याच्या दोरीवरून ओळंबाच म्हणे. त्यालाच आज बांध दिसला नव्हता. उजवा डोळा लालभडक, अन् पुढं नुसतं धुकं. पण आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा चोर परवडला, म्हणून त्यानं शिवी ऐकून घेतली आणि बैल वळवले.

गावात डोळ्याचे वैद्य घरटी एक होते. औषधाच्या दुकानदारानं थेंब दिले. थेंब घातले की डोळा निवळायचा, संपले की पुन्हा लाल. दुकानदार खूश होता. असं गिऱ्हाईक नशिबानंच मिळतं. शेवटी बायकोनं ओळंब्याला धरून शहरात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, रक्त तपासलं, हातावर सुई टोचून गाठ उठते का ते पाहिलं, छातीचा फोटो काढला. छातीच्या डॉक्टरांशी बोलून म्हणाल्या, "टीबी वाटतोय. डोळ्यातला."

"बाई, माझा डोळा खोकत नाही."

"टीबी छातीतच बसतो असं कुणी सांगितलं? आता कित्येक महिने गोळ्या. डोळा बरा वाटला तरी सोडायच्या नाहीत. लघवी केशरी होईल, घाबरू नका. रंग वेगळे दिसले तर मात्र लगेच या. हा डोळ्यातला टीबी तुमच्यापासून कुणाला लागायचा नाही. पण तुम्हाला तो कुणाकडून तरी आलाय. घरात कुणी खोकतं?"

"भाऊजी?" बायको पुटपुटली.

"तो खोकत नाही, भांडतो," ओळंबा म्हणाला.

"मग भांडणाऱ्याला घेऊन या," बाई म्हणाल्या.

बातमी त्यांच्या आधी गावात पोचली. थोरल्यानं लगोलग काळजी घेतली. बांधावरच्या चहाला ओळंब्यासाठी कड उडालेला कप वेगळा काढला. "राग मानू नको. माझी लेकरं आहेत," असं म्हणून तो खोकला आणि लेकरांना त्यानं पोटाशी धरलं.

ते पाहून ओळंब्याची बायको पुढं झाली. "भाऊजी, तुम्हीही तपासून घ्या."

"आजार तुमच्या घरात, अन् तपासणी माझी?"

"चला तर खरं. बांधालगतचा आमचा एक तास सोडते तुम्हाला."

एका तासाच्या जमिनीसाठी थोरला डबीत थुंकायला तयार झाला. थुंकीत टीबी सापडला. लेकरांना तपासणीला नेताना मात्र त्याला बांध आठवला नाही.

ओळंब्याचं धुकं हळूहळू विरलं. एका कोपऱ्यात डाग राहिला तो राहिलाच, पण तास पुन्हा सरळ पडू लागला. तोवर थोरल्याच्याही गोळ्या अर्ध्यावर आल्या होत्या. चहाच्या वेळी तो लांब बसला आणि आपण होऊन त्यानं तो कड उडालेला कप उचलला.

याच घटकेसाठी ओळंब्यानं टोमणे घोटून ठेवले होते. एकही बाहेर पडेना. थोरला उडालेली कड ओठापासून लांब फिरवत होता, आणि ते त्याला आता दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं.

"ठेव तो," त्यानं चांगला कप पुढं केला. "कड ओठाला लागते. तुला सवय नाही."

थोरल्याला काहीतरी म्हणायचं होतं. पण खोकला आला नाही, त्यामुळं सुरुवात कुठून करायची ते त्याला कळेना.